'सर्वांचा सहभाग' कालच छापून आला

मित्रहो, आज बालाघाटात आमच्या नव्या वाचनालयाची बैठक होती. शहरातले आम्ही आन् जवळच्या भरवेली खाणगावातल्या बाया मिळून ते चालवणार, म्हणून आधी सगळे मिळून वाचनालयाची मूल्यं ठरवू, असं अध्यक्षसाहेब म्हणाले होते.

तिथल्या खाणीत काम करणाऱ्या सुमनताई हाजरी बुडवून आल्या. म्हणाल्या, "ज्याले वाचता येत नाही त्याले कोणी हसाचं नाही. हे पयले लिहा."

अध्यक्ष हसले. "ताई, मूल्यांचा बॅनर तं कालच छापून आला. 'सर्वांचा सहभाग' लिहिलं आहे न त्याच्यात!"

"मंग मले काहून बोलावलं?" ताई उठल्या.

सारे बेशरम फोटोसाठी बॅनरपुढे उभे राहिले. मी ताईंसंगं निघून आलो. असल्या वाचनालयाचं सदस्यत्व मले फुकटातही नको.

तुम्ही थांबले असते का?