दसऱ्याला निघणारा रंग

दादा गेल्याची बातमी शाळेत आली. तिसरा तास चालू होता, मुलींना मी शब्दयोगी अव्ययं शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मोताळ्याहून माणूस आला आहे." मी खडू ठेवला आणि बाहेर गेले. आलेल्या माणसाला काही बोलावं लागलं नाही. वर्षभर दादाचा खोकला ऐकणाऱ्या माणसाला बातमी सांगावी लागत नाही... मोताळ्याला पोचेपर्यंत मी रडले नाही. रडले ती त्याच्या हाताची नखं पाहून. सगळे रंग सुटून गेले होते, नखं स्वच्छ होती. ती मी कधी तशी पाहिली नव्हती.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मनोहर, ट्रक रंगवायचा. मोताळ्याच्या स्टँडमागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील; जिनिंगचा कापूस वाहणाऱ्या गाड्या वाढत होत्या आणि त्याच्या दारात नेहमी एखादी उभी असायची. गाडी रंगवायची म्हणजे आधी चाकं, निकलच्या पट्ट्या, पुढची जाळी हे सगळं ग्रीस लावून वर्तमानपत्रानं झाकायचं. त्याचा त्याला भारी कंटाळा. मलकापूरला जुन्या टायरवर नवं रबर चढवतात, तिथून त्यानं रबराचं सोल्युशन आणलं, पेट्रोलात पातळ केलं, त्यात काळा रंग घातला, मलमलीतून गाळलं आणि रंग फवारायच्या गननं बंपरवर मारलं. एकावर एक पाच-सहा हात दिले. दुसऱ्या दिवशी नखानं टोक उचललं, तर केळीच्या सालीसारखं ते सगळं अखंड हातात आलं, आणि खाली निकल जसंच्या तसं. त्यानं ते साल घडी करून थेट बुलढाण्याला आणलं आणि माझ्या ओट्यावर ठेवलं. "पाह्य सुमे," म्हणाला, "सापाची कात."

गाडीवाल्यांना ते फार आवडलं. पावसाळ्याच्या तोंडी चाकांवर आणि पट्ट्यांवर रबर मारून घ्यायचं, चिखल-पाणी सगळं त्यानं खायचं, आणि दसऱ्याला पूजेच्या आधी ते सोलून टाकायचं. दादा स्वतः सोलत नसे. मालकाच्या हाती टोक द्यायचा आणि बाजूला उभा राहायचा. मिशा पिकलेली माणसं पोरांसारखी हसत ते साल ओढायची. एकच गोष्ट तो कोणाला सांगत नसे. रबर मारायच्या आधी धातूवर शंखजिऱ्याची पूड फडक्यानं फिरवायची. ती नसली तर रबर धरून बसतं, मग साल निघत नाही, खरवडावं लागतं.

माझे यजमान जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत होते. आजही आहेत. दादाचं आणि त्यांचं बरं होतं. दादा त्यांना जावईबापू म्हणायचा, वयानं मोठा असून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही. एका वैशाखात दादा दुसरबीडला लग्नाला निघाला आणि जाताना दुकानाची किल्ली आमच्याकडे ठेवून गेला. त्यात काय लक्षात ठेवण्यासारखं होतं? तो परत आला, किल्ली घेऊन गेला. पुढं पंधरवड्यानं धामणगाव बढ्याच्या गुलाबरावांनी यांच्याकडून एक ट्रक घेतला. गुलाबराव स्वतःच गाडी चालवायचे. चाकांवर काळं कुळकुळीत रबर होतं. पावसाळा आलाच आहे, मालाची काळजी घेतली आहे, असं यांनी सांगितलं म्हणे.

राजूरच्या घाटात, उतारावर, पुढच्या चाकाची डिस्क, म्हणजे नटांनी बसवलेली मधली लोखंडी तबकडी, फुटली. गाडी डोंगराच्या बाजूला गेली म्हणून माणूस वाचला, पण गुलाबरावांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मिस्त्रीनं फुटलेल्या डिस्कवरचं रबर खरवडलं, तेव्हा खाली नटांच्या भोवती जुना तडा आणि त्यावर मारलेलं वेल्डिंग निघालं. रबराचा रंग अख्ख्या तालुक्यात एकच माणूस मारायचा. मग कोणाचं नाव घेतलं जाणार? विकणाऱ्याला तडा दिसला नसेल, पण रंगवणाऱ्याच्या हाताखालून तर तो गेलाच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

गुलाबरावांचे भाऊबंद तो तुकडा घेऊन दादाच्या दुकानावर गेले. दादानं तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला, अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माह्याच गनमधून निघालं हाय. माहंच समजा." त्या दिवसापासून त्यानं रबर बंद केलं. लोकांनीही त्याच्याकडं गाड्या आणणं बंद केलं. पुढं तो बैलगाड्यांची चाकं आणि दुकानांच्या पाट्या रंगवत राहिला.

मी त्याला विचारलं होतं. मोताळ्याला जाऊन, समोर बसून विचारलं होतं. "दादा, तुले तडा दिसला नाही का?"

"होते कधी चूक," तो म्हणाला, आणि ब्रश धूत राहिला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. विश्वास म्हणजे, तो चुकला यावर ठेवला. त्यानंतर आमच्यात काहीतरी आखडलं. भाऊबिजेला तो यायचा, पण हे बाहेर गेलेले पाहून यायचा; ओवाळून घ्यायचा, साखरेचा दाणा तोंडात टाकायचा आणि पाणीसुद्धा न घेता निघायचा. मला वाटायचं, लाज वाटते त्याला. घरात हे म्हणायचे, "तुझा भाऊ मनानं चांगला आहे, फक्त कामात निष्काळजी. जाऊ दे, मी काही मनात ठेवलं नाही." किती वर्षं मी ते वाक्य ऐकलं, आणि माझ्या नवऱ्याचं मन मोठं आहे असं समजत राहिले...

दादाच्या तेरवीला पंगती उठल्यावर गुलाबराव आले. काखेत कुबडी होती. पुरुषांमध्ये न बसता ते सरळ मागच्या अंगणात, मी भांडी आवरत होते तिथं आले. मी पदर सावरून उभी राहिले; मला वाटलं, आता काही ऐकून घ्यावं लागणार.

"बाई, बसा," ते म्हणाले. "मनोहरनं मले शपथ घातली होती. जीता हाय तोवर बोलायचं नाही. आता तो नाही."

त्यांनी जे सांगितलं ते थोडकंच होतं. पाय गेल्यावर दोन वर्षांनी ते एकदा दादाला शिव्या द्यायलाच दुकानावर गेले होते. शिव्या देऊन दमले, तेव्हा दादानं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की त्या तुकड्यावर रबराखाली शंखजिरं नव्हतं. तो हात त्याचा नव्हता. ज्यानं मारलं त्यानं नुसतं पाहून शिकलेलं होतं, आणि दुकानाची किल्ली एकाच घरी गेली होती.

"म्या म्हटलं, मंग बोलत काऊन नाहीस बे?" गुलाबराव म्हणाले. "तर म्हणे, बहीण त्या घरात राह्यते. तिले तिथंच राहायचं हाय."

घरी आल्यावर मी यांना विचारलं. हे झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"दादा दुसरबीडला गेला होता, तेव्हा तुम्ही मोताळ्याला गेला होता का?"

अडकित्ता थांबला. "कोण म्हणते?"

"गुलाबराव."

"मेलेल्या माणसाच्या गोष्टी उकरून काय मिळते तुले?"

मी उभीच राहिले. मग ते खाली पाहत म्हणाले, "त्यानं सोताहून अंगावर घेतलं. मी त्याले घे म्हटलं नव्हतं."

एवढंच. त्यानंतर त्यांनी सुपारी तोंडात टाकली. यावर आणखी काही बोलणं झालेलं नाही. आम्ही एका घरात राहतो, मी दोन वेळचा स्वयंपाक करते, शाळेत जाते. हा लेख पुरवणीत येईल तेव्हा तेच तो आधी वाचतील, कारण रविवारचा पेपर तेच आधी घेतात. वाचू देत.

गुलाबरावांकडून ज्यांना कळलं ते लोक मला सांगतात, केवढा भाऊ होता तुमचा. बहिणीच्या संसारासाठी आयुष्यभराची बदनामी घेतली. मी मान हलवते. पण खरं लिहायचं तर, माझ्या नवऱ्यानं मला फसवलं याचा राग मला समजतो, तो सरळ आहे. दादावरचा राग समजत नाही. तो सगळं जाणून होता आणि त्यानं मला विचारलं नाही. मी कोणत्या घरात राहायचं, कोणाला चांगलं म्हणायचं, कोणाला वाईट, हे त्यानं ब्रश धुता धुता माझ्या वतीनं ठरवून टाकलं. मी शिकलेली होते, कमावती होते. मी काय केलं असतं कोणास ठाऊक. कदाचित राहिलेही असते इथंच. पण माझ्या भावाकडं ताठ मानेनं पाहत राहिले असते. ते माझं होतं, आणि त्यानं ते मला न सांगता देऊन टाकलं.

गेले काही रविवार मी मोताळ्याला जाते. वहिनींनी दुकान अजून कोणाला दिलेलं नाही. आत खिळ्यावर त्याचा जुना खाकी सदरा टांगलेला आहे, रबराच्या दिवसांतला. त्यावर इतक्या वेळा फवारा उडाला आहे की कापड कडक होऊन गेलंय. उजवी बाही कोपरात वाकलेली आहे, गन धरल्यासारखी, आणि तशीच राहिली आहे. परवा वहिनी म्हणाल्या, "भिजवून पाह्यते, नरम होईल." मी नको म्हटलं. दुकानात गेल्यावर मी दार लोटून घेते, स्टूल ओढून त्या सदऱ्यासमोर बसते, आणि दादाशी भांडते. मोठ्यानं. स्टँडवर गाड्यांचा आवाज असतो, बाहेर कोणाला ऐकू जात नाही.