दुसऱ्याच्या पुस्तकातली आई

कात्रीबाईंना लेखकांचा मनापासून राग होता, आणि अठ्ठावीस वर्षं त्या लेखकांच्याच जिवावर जगत होत्या. "कात्री" हे नाव प्रकाशकाच्या ऑफिसात कुणीतरी त्यांच्या पाठीमागे ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. निदान हे तरी आपलं आहे, असं म्हणाल्या. कारण त्यांनी लिहिलेल्या एकोणतीस पुस्तकांपैकी एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

कादंबऱ्या यायच्या त्या दुरुस्तीला. एकदा एका कादंबरीत नायकाचा सासरा सातव्या प्रकरणात वारला आणि अकराव्यात येऊन जावयाशी कडाकडा भांडला. कात्रीबाईंनी समासात लिहिलं, "यांचं एकदा काय ते ठरवा." कादंबरीकार महिनाभर फुगून बसला, मग सासऱ्याला जगवलं, आणि प्रस्तावनेत बायकोचे, मित्रांचे आणि पाळलेल्या कुत्र्याचेही आभार मानले. कात्रीबाई राहिल्याच. तरी कादंबऱ्या परवडल्या. खरा छळ होता तो बड्या लोकांच्या आत्मचरित्रांचा. तो माणूस खुर्चीत रेलून बोलणार, ह्या समोर रेकॉर्डर ठेवून ऐकणार, आणि मग घरी बसून "मी, मी" करत त्याचं आयुष्य लिहिणार. असं करत त्या आजवर एकदा शल्यविशारद, एकदा तुरुंगाधिकारी आणि दोनदा क्रीडापटू झाल्या होत्या. करारात एक कलम ठरलेलं असे: पुस्तक आपण लिहिलं हे कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही. त्यामुळे आईला एवढंच ठाऊक होतं की मुलगी लोकांचं लिखाण नीट करून देते.

मग आले गादीवाले. गाद्यांचे तीन कारखाने, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. सोळा बैठका झाल्या, आणि सोळाही बैठकांत स्प्रिंग, कापूस आणि स्पर्धकांची नालस्ती. लहानपणाबद्दल विचारलं की तीन वाक्यांत गाडी बंद पडायची. "गरिबी होती. आई होती. लिहा हो तुम्ही, आई म्हणजे काय, आईच की." प्रकाशकाने फर्मान काढलं, "पहिल्या प्रकरणात वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. स्प्रिंगांवर कोण रडतंय?"

पहिल्या प्रकरणाच्या जागी मोठं भोक पडलं होतं. अशी भोकं बुजवणं हाच तर कात्रीबाईंचा धंदा. एरवी त्या कुठूनतरी पाऊस, कुठूनतरी आजारपण आणून तेवढ्यापुरतं लिंपून टाकत. ह्या वेळी मात्र त्यांनी आपल्या घरात हात घातला.

त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. थंडी कडाक्याची, अंगात कोट नाही. आई कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसायची. एका दुपारी मुलीला आणायला शाळेत गेली आणि व्हरांड्यातल्या खुंटीवरचा कुणाचा तरी कोट काखेत मारून आली. कॉलर बदलली, बटणं बदलली, बाह्या आखूड केल्या. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात एका बाईने अस्तरावरचं ठिगळ ओळखलं, कारण ते तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. मुख्याध्यापिकेने आईला वर्गात बोलावलं आणि चाळीस मुलांसमोर मुलीच्या अंगातला कोट काढून द्यायला लावला. त्या दिवसापासून मायलेकींनी त्या कोटाचा एकदाही उच्चार केला नव्हता.

कात्रीबाईंनी ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं. मुलीचा मुलगा केला, गाव बदललं, शिवणाऱ्या आईला भांडी घासायला लावलं. आणि शेवटी, वाचकासाठी, तिला रडवलं. "आई हुंदके देत होती, गयावया करत होती, आणि मी तिचा पदर धरून उभा होतो." लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. फार दिवसांचं काहीतरी छातीवरून उतरल्यासारखं वाटलं. ते आपण कुणाच्या अंगावर टाकतो आहोत, हा विचार तेव्हा मनात आलाच नाही.

पुस्तक असं खपलं की विचारू नका. गादीवाले सभा-समारंभांतून ते प्रकरण वाचून दाखवू लागले. "पदर धरून" आलं की चष्मा काढायचे, डोळे पुसायचे, आणि अख्खं सभागृह त्यांच्याबरोबर नाक ओढायचं.

एका रविवारी कात्रीबाई आईकडे गेल्या तर धाकटा भाऊ तिच्या पलंगाशी बसून तेच पुस्तक मोठ्याने वाचत होता. भाऊ कोटानंतर चार वर्षांनी जन्मलेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"ताई, हे ऐक. काय आई असेल ना!" तो गहिवरून म्हणाला.

आई भिंतीकडे बघत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण पाठ अजून पट्टीसारखी. प्रकरण संपलं तशी तिने मुलाला औषध आणायला पिटाळलं. औषध कपाटात होतं.

"हे तू लिहिलंस."

कात्रीबाईंना करारातलं कलम आठवलं.

"तोंडात मूग भरलेत का? ठिगळाचं तुला, मला आणि त्या बाईला ठाऊक. ती बाई कधीच मेली."

"आई, कुणाला कळणार नाही. मी सगळं बदललंय."

"बदललंस ना! मला रडवलंस." आईचा आवाज चढला. "मी रडले होते? सांग. तू तिथेच होतीस."

कात्रीबाईंनी मान हलवली. रडली नव्हती. चाळीस मुलांसमोर ताठ उभी राहून म्हणाली होती, "कोट मी घेतला. मुलीला ह्यातलं काही माहीत नाही. तिला बोल लावायचा नाही." मग कोटाची घडी करून टेबलावर ठेवली होती आणि मुलीचा हात धरून चालती झाली होती.

"शेहेचाळीस वर्षं तेवढंच जपलं मी," आई म्हणाली. "चोरी केली, पण कुणापुढे नाक घासलं नाही. तेच नेमकं काढलंस आणि त्या पोटल्याला दिलंस. ते नीट केल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

आणि बाई शब्दाची पक्की. फोन उचलेना, दार उघडेना. भावाने विचारलं तर म्हणाली, "तुझी बहीण कामात आहे."

नवी आवृत्ती निघायची होती, म्हणून कात्रीबाई गादीवाल्यांच्या ऑफिसात गेल्या. प्रकाशकही तिथेच बसला होता, गादीवाल्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत.

"साहेब, पहिल्या प्रकरणाचा शेवट बदलायला हवा. आई रडत नाही. ताठ उभी राहते."

"का?"

"कारण तसंच झालं होतं."

गादीवाले हसले. "कुणाच्या बाबतीत?"

"माझ्या आईच्या."

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग सगळं रक्त तोंडावर आलं. "करार वाचलाय ना? त्यातला शब्द न् शब्द माझा आहे. आता आईसुद्धा माझी. लोक मला पत्रं लिहितात, माझ्या आईसाठी रडतात!"

"तुमची आई कशी होती, तेच लिहू या की. सांगा तुम्ही."

"माझी आई?" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "मी पाच वर्षांचा असताना मला मामाच्या दारात सोडून गेली ती, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही! तिचं लिहिणार? तुम्ही मला एक आई दिलीत बाई, बरी होती, माझ्यासाठी रडत होती. आता परत मागायला आलात? चालत्या व्हा!"

कात्रीबाईंना त्या माणसाची दया यायला हवी होती. आली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली तेवढी. प्रकाशक जिन्यापर्यंत मागे आला आणि कुजबुजला, "बाई, कशाला वाकड्यात शिरता? आईला काय कळतंय ह्या वयात?" त्याला त्यांनी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले.

पण छपाईआधीची शेवटची तपासणी त्यांच्याकडेच होती, आणि गादीवाले कधीच काही वाचत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? गठ्ठा समोर ठेवला की ते पानापानावर जाड पेनाने सही ठोकायचे. कात्रीबाईंनी चार वाक्यं बदलली. हुंदके काढले, गयावया काढली, पदर काढला. आई ताठ उभी केली आणि तिचं वाक्य तिच्या तोंडी जसंच्या तसं घातलं. हे कळलं की आपलं काम जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गादीवाल्यांनी त्या पानावरही झोकात सही केली.

नव्या आवृत्तीच्या समारंभात कात्रीबाई चौथ्या रांगेत बसल्या. गादीवाल्यांनी कोरी प्रत उघडली, आवाज कापरा केला आणि वाचत वाचत त्या जागी आले. "आई रडली नाही. ती ताठ उभी..." ते अडखळले. पान जवळ धरलं, लांब धरलं. मग त्यांची नजर चौथ्या रांगेत येऊन थांबली, आणि त्या नजरेत काय होतं ते सांगायची गरज नाही. त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि पुढचं तोंडपाठ म्हटलं, हुंदक्यांसकट. लोक नेहमीसारखे रडले. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत प्रकाशकाचा फोन आला: यापुढे येऊ नका, आणि दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही याची व्यवस्था केली आहे.

कात्रीबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या थेट आईकडे गेल्या आणि दाराबाहेरूनच ओरडल्या, "नीट केलंय!"

बऱ्याच वेळाने कडी वाजली. आईने प्रत हातात घेतली, खिडकीशी बसली, भिंग धरून ते पान वाचलं. परत एकदा वाचलं. तिचं बोट आपल्या वाक्याखालून हळूहळू सरकत गेलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

कात्रीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या जवळ बसायला गेल्या.

"पण ही कुणाची आई?" आईने विचारलं.

"म्हणजे?"

"मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे. मग ही ताठ उभी राहिलेली बाई कुणाची आई?"

"...त्याची."

"मग मी कुणाची?"

कात्रीबाईंनी मुखपृष्ठावरच्या फोटोकडे बघितलं.

"मी बटणं बदलली, तू गाव बदललंस," आई म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ते जास्त लागलं. "तो कोट मी सगळ्यांदेखत परत केला. हे तू मला सगळ्यांदेखत कधी परत करणार, ते सांग. आणि मग बस."

कात्रीबाईंनी करारातलं कलम सांगायला तोंड उघडलं, आणि आईकडे बघून मिटलं. मग पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्याच निघाल्या.