बारवेची कादंबरी

‘पडले’ आणि ‘पाडले’ यांतला फरक आमच्या उस्तादांइतका कुणालाच झोंबत नसे. गावच्या जुन्या बारवेचे चिरे पडले, असं कुणी म्हटलं की ते त्याला जागीच थांबवत आणि म्हणत, “पडले न्हाईत, पाडले. कुणी पाडले तेवढं सांगा.” अणदूरजवळच्या आमच्या शाळेत ते माझ्या आधीपासून मास्तर होते. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूतून शिकवलेलं. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली, तेव्हा चाळिशी उलटलेले उस्ताद पहिलीच्या पुस्तकापासून मराठी शिकले आणि चार वर्षांत आम्हा जन्माच्या मराठी मास्तरांच्या चुका काढू लागले.

त्याच मराठीत त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. शनिवारी शाळा सुटली की मला वर्गातच बसवून वाचून दाखवत. कादंबरीत एक गाव होतं आणि त्या गावाची बारव. सुरुवातीला वर्षातून एकदा सगळं गाव उतरून गाळ काढतं. त्या भरल्या दिवसांतही काही घरांना बारवेची पायरी बंद होती, हे उस्तादांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. कुजायला सुरुवात तिथूनच झाली, असं ते म्हणत. मग एकजण घराच्या पायासाठी दोन चिरे नेतो. त्याचं बघून दुसरा नेतो. गाळ काढायला कुणी येईनासं होतं. पाण्याला वास सुटतो, तर लोक नाकाला सोगा लावून पुढं जातात आणि आपापल्या परसात आड खणतात.

मी एकदा म्हणालो की, माणसांपेक्षा बारवेवरच पानं जास्त खर्ची पडलीत. उस्ताद चिडले. “माणसं काय, गोड बोलून फसवतील. ती कशी झालीत ते पाण्यात बघा.”

आमच्या सरपंचांच्या नव्या घराचा पाया तेव्हा भरत होता, आणि त्यातले चिरे कुठले हे सगळ्यांना ठाऊक होतं. कादंबरीचं कौतुक मीच चार ठिकाणी केलं होतं. ते सरपंचांच्या कानावर गेलं. चावडीवर बैठक बसली. चिऱ्यांचा विषय कुणी काढलाच नाही. सरपंच एवढंच म्हणाले, “आमच्या देवाची बारव. ह्या माणसानं तिच्यावर का म्हून लिव्हावं?” ज्यांच्या पोरांना उस्तादांनी मुळाक्षरं गिरवायला लावली, ज्यांचे अर्ज लिहून दिले, ते सगळे माना खाली घालून बसले. ज्याचा आजा-पणजा याच मातीत पुरलेला, तो माणूस एका दुपारी परका ठरला. मग मला विचारलं, त्यात गावाची बदनामी आहे का? अक्षर न् अक्षर खरं आहे, असं मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, मला साहित्यातलं फारसं कळत नाही. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

महिन्याभरात उस्तादांची बदली झाली, पार माकणीच्याही पलीकडं. निरोपाला मी एकटाच गेलो. ते ट्रंकेवर बसून एसटीची वाट बघत होते. मी माफीचं बोलू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“शेवटचं प्रकरण फाडून टाकलं मी,” ते म्हणाले. “त्यात एक मास्तर चावडीवर उभा राहून खरं बोलतो. तुम्हाला डोळ्यांपुढं ठेवून लिहिलं होतं. आता ते कुणाला पटायचं न्हाई.”

एसटी आली. ट्रंक उचलायला मी पुढं झालो. ती त्यांनी मला उचलू दिली नाही.