जळूनं तोंड फिरवलं

यांचा सदरा भिजत घातला, की मागाच्या तेलाचा वास सुटतो आणि तो दवाखाना आठवतो. यंत्रमागात सापडून यांचं बोट तुटता तुटता राहिलं होतं. टाके पडले, पण आत रक्त साकळून बोट काळंनिळं झालं. डॉक्टर म्हणाले, “जळू लावून बघू. तिनं रक्त ओढलं तर बोट जगेल. धरलंच नाही, तर कापावं लागेल.” बाटलीतली जळू बोटावर सोडली. तिनं जरा चाचपलं आणि तोंड फिरवलं. दुसरीनंही तेच केलं. हे कसनुसं हसत म्हणाले, “हाताला तेलाचा वास हाय की. ती बी नाक मुरडती.” डॉक्टर थबकले. “साबण नको, कोमट पाण्यानं पुसा.” मी टाके सांभाळत नखाच्या कडा पुसत राहिले. पुन्हा जळू सोडली. अळीलाही भिणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी मी मोठ्यानं म्हणाले, “पी गं बाई, पी!” ती चिकटली आणि हळूहळू फुगत गेली. आजही तो वास आला, की मी ओल्या हातानं उठते आणि यांचं बोट धरून बघते, ऊन आहे ना. “जित्तं हाय गं,” हे म्हणतात.