मावशीची भुजली

या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. पांढरी साडी, उलटे पाय, बंद खोलीतलं रडणं... एका काकांच्या अनुभवाखाली तर मी 'काका, ते मांजर असणार' अशी कमेंट टाकली होती. मी ख्रिस्ती घरातली मुलगी. भुताखेतांवर विश्वास ठेवायची आमच्याकडे सोय नाही, आणि मी स्वभावानंच शंकेखोर. पाळकसाहेबांनाही उपासनेनंतर प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. एक आधीच सांगते – यात घाबरण्यासारखं काहीही नाही. ज्यांना घाबरायचंय त्यांनी दुसरा अनुभव उघडावा.

मी एस्तेर. भंडारा जिल्ह्यात तुमसरला राहते, एका शाळेत लहान मुलांना शिकवते. आई लवकर गेली, मला वाढवलं रूथमावशीनं. मावशीनं लग्न केलं नाही. सरकारी नर्स होती, करड्या शिस्तीची. मी तिच्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात, पण साम्य तेवढंच. ती चहात चिमूटभर साखर घेणार, मला चहाचा पाक झालेला आवडतो. यावरून आमची रोज सकाळी लढाई ठरलेली.

या मावशीला एक मैत्रीण होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं नावही ठाऊक नव्हतं, आणि त्याला कारण आहे.

ज्यांना भुजली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आमच्या भागात बायका टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. ऊन लागत नाही म्हणून कोंब हिरवे होत नाहीत, पिवळेधमक वाढतात. तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ती तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात, आणि थोडे कोंब एकमेकींच्या कानामागे खोवतात. नाकाडोंगरीच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीकडच्या काही घरांत त्यातही एक रीत आहे. दोघींनी ठरवून एकमेकींना भुजली खोवली की मैत्री जन्माची. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. कुणाजवळही नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच.

मावशी तरुणपणी तिकडच्या उपकेंद्रात होती. जंगलाला लागून असलेल्या एका गावात एका बाईचं पहिलं बाळंतपण अडलं, बाहेर धो धो पाऊस, गाडी मिळेना. मावशी तिचा हात धरून बसून राहिली. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. पुढच्या श्रावणात तीच बाई पिवळे कोंब घेऊन उपकेंद्राच्या दारात उभी... म्हणाली, "बाई, तुमाले इथं कोणी नाही. मी होऊ का तुमची?"

मावशी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबायची आणि चष्मा पुसायची.

ख्रिस्ती बाईनं हे करावं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "मूर्तीपुढे काही केलं का मी? कानामागे खोवलं." विषय संपला. पुढे बदली झाली, तरी वर्षानुवर्षं राखीच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस.टी.नं जायची आणि संध्याकाळी कानामागे सुकलेले कोंब घेऊन परत यायची. नाव मात्र कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या मोबाईलमध्येसुद्धा नंबर 'भुजली' म्हणूनच होता.

मग एका उन्हाळ्यात मावशीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एवढ्या शब्दांतून एकच उरला, तोही अर्धा – "भुज..." दिवसभर दाराकडे बघायची आणि तेवढंच म्हणायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, ज्यांना कुणाला भेटवायचं त्यांना भेटवून घ्या. भेटवायचं कुणाला? त्या नंबरवर फोन लागत नव्हता. नाव असतं तर शोधलं असतं, तिकडच्या गावाच्या सरपंचाला विचारलं असतं. मावशी गावाला 'तिकडे' म्हणायची, म्हणून मला गावही धड ठाऊक नव्हतं. एक बाई शोधायची, ना नाव ना गाव. मला रात्री झोप लागेना. जिनं मला आईची उणीव भासू दिली नाही, तिचं एवढं एक मागणं माझ्याच्यानं पुरं होत नव्हतं.

राखीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मावशीला बारीक ताप होता म्हणून मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेजारच्या प्रज्ञाताई दुपारभर आमच्याकडेच बसून होत्या. त्यांना विचारा हवं तर. मावशी त्या दुपारी इतकी गाढ झोपली होती की मी दोनदा-तीनदा तिच्या नाकाजवळ हात धरून बघितला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी तिची वेणी घालायला बसले, केस मागे सारले, तर उजव्या कानामागे काहीतरी ओलसर लागलं. काढून बघितलं... पिवळे कोंब. ताजे.

मला आधी रागच आला. प्रज्ञाताई आदल्या दिवशी बसल्या होत्या, त्यांच्यासोबत कचरा आला असेल असं वाटलं. टाकायला म्हणून उठले तर मावशीनं डाव्या हातानं ते कोंब माझ्याकडून हिसकावले आणि मुठीत घट्ट धरले. "भुज... भुज..." आणि डोळ्यांतून पाणी.

त्या पाण्यानं माझं लॉजिक वाहून गेलं. उपासना बुडवली, प्रज्ञाताईंना मावशीजवळ बसवलं आणि सरळ स्टँड गाठलं. नाकाडोंगरीच्या बसमध्ये बसायचं, उतरायचं आणि दिसेल त्या म्हातारीला 'रूथ नर्सबाई आठवते का' म्हणून विचारायचं, एवढाच प्लॅन.

माझी बस लागायची होती. तेवढ्यात तिकडून येणारी बस आली, आणि कंडक्टरच्या आधारानं एक म्हातारी बाई खाली उतरली. गुडघे वाकलेले, हातात पिशवी. इकडेतिकडे न बघता ती थेट माझ्याकडे आली आणि माझं मनगट धरलं.

"आलीस व माय घ्यायले? मी म्हटलं होतं ना, मी येतो म्हणून! कायले पावसात उभी राहिलीस?"

माझा दुसरा हात पर्सवर गेला. स्टँडवरच्या भामट्यांच्या गोष्टी काय कमी ऐकल्यात?

"आजी, तुमची चूक होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

"वळखत नाही?" तिला खरंच वाईट वाटलं. "काल दुपारी तं माह्या अंगणात उभी होतीस. 'तुमची भुजली वाट पाहून राहिली, उद्याच या' म्हणालीस. अन् आता वळखत नाही म्हणतेस?" मग आवाज खाली आणून, "कशी हाय व ती? जित्ती हाय ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली असावी. मी रडत होते आणि एक ऑटोवाला 'बसता का' म्हणून विचारत होता, एवढं आठवतं.

ऑटोत ती आपल्याच नादात बोलत होती. "सुनेनं चहा देल्ला तं म्हणे साखर कमी टाका. आजकालच्या पोरी कायले एवढ्या वाळतात, मले समजत नाही."

साखर कमी... आमच्या घरात साखर कमी मागणारी एकच बाई आहे, आणि ती तीन-चार महिने अंथरुणातून उठलेली नव्हती.

घरी पोचलो. मावशीनं दाराकडे बघितलं आणि तिचा अर्धा चेहरा, जो हलायचा तेवढा सगळा, हसला. म्हातारी गुडघे विसरून लगबगीनं खाटेजवळ गेली. "अवं भुजली! किती वाळलीस व तू!" मग तिचं लक्ष मावशीच्या मुठीकडे गेलं. बोटं हळूच उघडून तिनं आतले कोंब पाहिले आणि माझ्याकडे वळून मान डोलावली.

"पोचवले तं पोरीनं बराबर. शिरवायच्या आधी तोडू नाही म्हणतात, पन काल तुह्या हाती देल्ले. म्हटलं, मी पोचतपर्यंत हिच्या कानात तरी राहीन."

मी चहा करायला म्हणून आत गेले.

म्हातारी मग गेलीच नाही. "हे गुडघे घेऊन कुठं जाऊ?" म्हणाली आणि राहिली. मावशीला भरवायची, तिच्याशी दोघींच्या वाटचं बोलायची, मला चहातल्या साखरेवरून रागवायची. नाताळच्या थोडं आधी मावशी गेली, तेव्हा तिचा हात हिच्या हातात होता. पहिल्या भेटीत मावशीनं हिचा धरला होता, तसाच.

आता तुम्ही विचारणार ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल? आहे. पण तिच्या सुनेचे डोळे चांगले आहेत, आणि नाताळनंतर म्हातारीला घरी पोचवायला गेले तेव्हा मला पाहताच ती म्हणाली, "ताई, तवा चहा अर्धाच ठेवून गेल्या तुमी." माझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी मुलगी? असेल, पण मग कोंब आमच्या घरात कसे आले? प्रज्ञाताई म्हणतात, काहीतरी साधं कारण असेल, आपल्याला सापडलं नाही एवढंच. पाळकसाहेब म्हणाले, देवाचे दूत कोणत्या रूपात येतात हे आपल्याला थोडंच कळतं. देवदूत चहात साखर कमी घेतात का, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही. पहिल्यांदाच गप्प बसले.

मावशीनंतरच्या श्रावणात मी तिकडे गेले. तलावावरून परतताना म्हातारीनं पदरातून कोंब काढले आणि मला खाली वाकायला लावलं. "ती गेली. आता मले कोणी नाही हाक माराले. तू होशीन का माही?" मी वाकले. तिनं माझ्या कानामागे खोवले, मी तिच्या.

तर मंडळी, मांजर नव्हतं. काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. आणि एवढं सगळं लिहून त्या बाईचं नाव काहून नाही लिहिलं, असं कमेंटमध्ये विचारू नका. आता मला ते माहीत आहे. पण मी घेणार नाही.