पायवालीचा कॅमेरा

एकवीस वर्षं ती एका केंद्रात कृत्रिम पाय बनवत होती. सगळे तिला 'पायवाली' म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. कापून उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढावा तर तिनंच. पण दोन वर्षांपूर्वी त्याच प्लास्टरनं तिच्या हातांची कातडी सोलवटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "प्लास्टर सोडा, नाहीतर हात सोडा." म्हणून तो कॅमेरा आला, अंतर मोजून पायाचा आकार कॉम्प्युटरात उतरवणारा. तो चालला नाही तर आपलं इथं काय काम, ही धास्ती तिच्या मनात घर करून होती.

त्या मंगळवारी एक निवृत्त बसड्रायव्हर बायकोला घेऊन आले. काकांचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला. घट्ट पट्टी सोडली की असा पाय हळूहळू सुजतो, आणि सुजेवर घेतलेल्या मापाचा कृत्रिम पाय पुढे नीट बसत नाही.

काकांनी पट्टी सोडली. कॅमेरा धरून ती पायाभोवती फिरू लागली. अर्धा पाय पडद्यावर उमटला आणि चित्र गेलं. 'उपकरण जोडलेलं नाही.' वायर काढून लावली, पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्यात आठ मिनिटं गेली, आणि चित्र पुन्हा गेलंच.

"बाई, माझा पाय हलतोय का?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका."

तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. ती शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची.

"ताई, वायर कशात खुपसलीयेस?"

"त्या चार भोकांच्या डबीत. पुढं लांब वायर जोडलीय, नाहीतर पायाभोवती फिरता येत नाही."

"तिथंच घोडं अडलंय. माऊस, कीबोर्ड, कॅमेरा, सगळे एकाच डबीच्या जिवावर. कॅमेऱ्याला वीज पुरत नाही. डबी नको, जोडवायर नको. त्याची मूळची आखूड वायर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात लाव. पूर्ण आत गेली का बघ."

चित्र आलं आणि टिकलं. पण वायर हातभरच होती, पलीकडं जाणार कशी? तिनं पायाला मापाचा टेप लावून पाहिला. पट्टी सोडताना घेतलेल्या मापापेक्षा घेर अर्धा सेंटीमीटर वाढला होता. तिचे डोळे भरून आले, तशी ती कपाटाकडं वळली.

"तुम्हाला फिरता येत नाही, तर ह्यांना फिरवू या की," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर ह्यांनी लोकांना फिरवलंय."

तिनं आधी पुन्हा पट्टी बांधून वीस मिनिटं वाट पाहिली. घेर उतरला. मग काकांना गोल फिरणाऱ्या स्टुलावर बसवलं, चित्रात मागची भिंत येऊ नये म्हणून कॅमेऱ्याचा पल्ला कमी केला आणि काकूंना म्हणाली, "अगदी सावकाश." काकू स्टूल फिरवत राहिल्या. ती पडद्याकडं बघत होती. एक फेरी पुरी झाली. चित्र तुटलं नाही.

तीन आठवड्यांनी काका नव्या पायावर खोलीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. त्यांचा चेहरा कुठं आक्रसतोय का, ते ती बघत होती.

"बोचतंय?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना, बाई."

तेव्हा कुठं ती खाली बसली.