लाल ठिपक्याची ताटली

"थुंका, आई! थुंका ते! तिच्या ताटलीतलं हाय!"

बँकॉकच्या फळबाजारात, भर रस्त्यात वहिनी ओरडल्या. म्हाताऱ्या सासूच्या तोंडात बोटं घालून त्यांनी घास बाहेर काढला. बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायला लावली. आजींना ठसका लागला, लुगडं भिजलं.

तो घास मी भरवला होता. चार वर्षं मीच भरवत होते. धाराशिवला त्यांच्या घरी कामाला राहून आजींना अंघोळ घालायची, हगणंमुतणं काढायचं. तो हात चालायचा. ताटली मात्र वेगळी. पहिल्या दिवशी वहिनींनी आडनाव विचारलं, दुसऱ्या दिवशी माझ्या ताटलीमागं नेलपॉलिशचा लाल ठिपका आला. घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून.

घरच्यांच्या सहलीत आजींसाठी मलाही थायलंडला न्यायचं ठरलं, तेव्हा मी आमच्या सास्तूर गावभर सांगत सुटले. येडीच मी. विमानात शेजारी बसवलं म्हणून वाटलं, आता आपण यांच्यातलेच.

बाजारात सगळ्यांनी एकाच पुड्यातली जांभळ्या सालीची पांढरी फळं खाल्ली, बोटं चाटली. मी हात पुढं केला. वहिनींनी पिशवीतनं ताटली काढली. तीच, ठिपक्याची. समुद्रापार आणली होती! तिच्यात आंब्याच्या फोडी अन् नारळाच्या दुधातला गोड भात वाढला, वरनं, अंतर ठेवून. भात लई गोड होता, तेही सांगते. आजींनी सवयीनं आ केला. मी सवयीनं घास दिला.

आजींचं तोंड पुसून झाल्यावर मी विचारलं, "वहिनी, माझा हात चालतो न्हवं?"

"हात धुता येतो. तमाशा नको. चांगल्या डिशमधलं भरव त्यांना."

"म्या न्हाय भरवणार. तुमी भरवा."

ताटली मी तिथंच कचऱ्यात टाकली. वहिनींनी चमचा पुढं केला, तर आजींनी ओठ घट्ट मिटले. माझ्याकडं बघत राहिल्या. तरी मी जागची हलले नाही.

परत आल्यावर काम सोडलं. आता सास्तूरला खुरपायला जाते. तीनदा निरोप आला, आजी जेवत नाहीत, ये. मी एकच सांगून धाडलं, "वहिनी जेवतात तसलं ताट मला मांडा, मग येते."

अजून मांडलेलं नाही. आजी उपाशी आहेत, हे आठवलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तरी मी जाणार नाही.